एक वर्ष, एक वही: चालू घडामोडींचा माझा अभ्यास

दादरच्या आमच्या अभ्यासिकेत नवीन आलेली मुलं पहिल्या आठवड्यात हमखास विचारतात, "ताई, चालू घडामोडींना कुठलं मासिक लावू?" सांगलीहून आले तेव्हा मीही हेच विचारलं होतं. एका क्लासचं मासिक लावलं, बारा अंक जवळजवळ पाठ केले आणि एमपीएससीच्या, म्हणजे महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या, संयुक्त पूर्व परीक्षेत अडीच गुणांनी कट-ऑफ हुकला.

उत्तरतालिका समोर घेऊन बसले तेव्हा खरं दुखणं कळलं. चुकलेले बहुतेक प्रश्न मी वाचलेल्या बातम्यांवरचेच होते. नाव ठाऊक, तारीख ठाऊक. पण आयोग विधानं देतो आणि बरोबर कुठली ते विचारतो. ती विधानं बातमीच्या मागच्या गोष्टींवर होती. तिथे मी अंदाजाने गोळे काळे केले आणि प्रत्येक चुकीमागे पाव गुण गेला.

म्हणून २०२४ हे वर्ष मी स्वतःच्या हाताने लिहून काढलं. दोनशे पानी वही घेतली. उजव्या पानावर बातमी, दोन-तीन ओळींत. डावं पान मागच्या गोष्टींसाठी: हे का झालं, आधी कधी झालं होतं, कुठला कायदा किंवा कुठलं कलम. डावं पान कोरं असेल तर ती बातमी वाचून झालेली नाही, असं मी धरत गेले. या पद्धतीने पुढच्या वेळी माझी पूर्व परीक्षा निघाली, म्हणून सविस्तर सांगते आहे.

राजकारणाचं एक पान दाखवते. उजवीकडे लिहिलं होतं: जून २०२४, अठरावी लोकसभा, राहुल गांधी विरोधी पक्षनेते. मासिकात एवढंच असतं. डावं पान भरायला बसले तेव्हा पहिला प्रश्न पडला, की आधीची दहा वर्षं हे पद रिकामं का होतं? काँग्रेसला २०१४ मध्ये ४४ जागा होत्या, २०१९ मध्ये ५२ आणि २०२४ मध्ये ९९. या पदासाठी सभागृहाच्या एक दशांश जागा लागतात असा संकेत आहे, म्हणजे ५४३ पैकी ५५. मग पुढचा प्रश्न: हा एक दशांश राज्यघटनेत आहे का? नाही. विरोधी पक्षनेत्याच्या वेतन-भत्त्यांचा कायदा १९७७ चा आहे. त्यात सर्वांत मोठ्या विरोधी पक्षाचा, अध्यक्षांनी मान्यता दिलेला नेता अशी व्याख्या आहे, पण एक दशांशाची अट त्यातही नाही. ती सभागृहाच्या प्रथेतून आली. एका ओळीच्या बातमीमागे राज्यव्यवस्थेचा अख्खा धडा निघाला आणि तो मला आजही झोपेत विचारलात तरी येतो.

निवडणुकीचे टप्पे लक्षात राहत नाहीत, ही सगळ्यांची तक्रार. माझं ते घरातच झालं. माझं नाव सांगलीच्या यादीत, म्हणून ७ मेला तिसऱ्या टप्प्यात गावी जाऊन मत देऊन आले. मी लालबागला मावशीकडे राहते. तिचं मतदान २० मेला, पाचव्या टप्प्यात. देशात १९ एप्रिल ते १ जून असे सात टप्पे, महाराष्ट्रात पाच, आणि राज्याचा शेवटचा टप्पा म्हणजे मावशीच्या बोटावरची शाई. आपल्या घरातल्या माणसांना असं वहीत आणा, तारखा आपोआप बसतात. राज्यात लोकसभेच्या जागा ४८, आणि ४ जूनला वायव्य मुंबईत विजयी उमेदवाराचं मताधिक्यही ४८ मतांचंच होतं. सुमारे ९७ कोटी मतदार नोंदलेल्या देशात एक जागा ४८ मतांवर ठरली. हे लिहिताना माझा हात थांबला होता. मावशीला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, "आपल्या दोन चाळी आळसाने घरी बसल्या असत्या तर?"

सर्वोच्च न्यायालयाचा १५ फेब्रुवारीचा निवडणूक रोख्यांचा, म्हणजे राजकीय पक्षांना नाव उघड न करता देणगी देण्याच्या योजनेचा, निकाल याच भागात घ्या. पाच न्यायमूर्तींचं घटनापीठ, योजना २०१८ ची, आणि ती रद्द झाली ती कलम १९(१)(अ) च्या आधारावर, मतदाराच्या माहितीच्या अधिकारासाठी. कलमाशिवाय हा निकाल लिहू नका.

खेळात मुलं आकड्यांत अडकतात. पॅरिस ऑलिंपिकमध्ये सहा पदकं, एक रौप्य आणि पाच कांस्य. पॅरालिंपिकमध्ये २९, त्यातली सात सुवर्ण. हे एका ओळीत संपतं. वेळ द्यायचा तो स्वप्नील कुसाळेला. १ ऑगस्टला ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात त्याने कांस्य मिळवलं. गुडघ्यावर बसून, आडवं पडून आणि उभं राहून, अशा तीन अवस्थांतली नेमबाजी. कोल्हापूरच्या कांबळवाडीचा हा मुलगा तेव्हा मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस होता. त्या संध्याकाळी दादरला गाडीची वाट बघत फलाटावर उभी होते आणि काळ्या कोटातले टीसी दिसले, तेव्हा मला भरून आलं.

डाव्या पानावर खाशाबा जाधव. कराडजवळच्या गोळेश्वरचे. हेलसिंकी, १९५२, कुस्तीत कांस्य. महाराष्ट्राच्या खेळाडूला दुसरं वैयक्तिक पदक मिळायला ७२ वर्षं गेली. आता यातला 'वैयक्तिक' हा शब्द लाल पेनाने लिहा. खाशाबांचं पदक स्वतंत्र भारताचं पहिलं पदक नव्हे, पहिलं वैयक्तिक पदक. त्याआधी १९४८ मध्ये लंडनला हॉकीच्या संघाने सुवर्ण जिंकलं होतं. विधान फसवं करायला एवढा एकच शब्द पुरतो.

ट्वेंटी-२० विश्वचषकाचं पान मी अभ्यास म्हणून लिहिलंच नाही. २९ जूनला ब्रिजटाउनला दक्षिण आफ्रिकेवर सात धावांनी विजय, चक्रीवादळामुळे संघ तिथेच अडकला आणि ४ जुलैला मुंबईत आला. मी दुपारीच पुस्तकं मिटून मरीन ड्राइव्हला गेले. पाऊस पडून गेलेला, कट्ट्यावर पाय ठेवायला जागा नाही, शेजारच्या आजोबांनी २००७ ची उघड्या बसची मिरवणूक पाहिलेली आणि ते नातवाला खांद्यावर घेऊन त्याच गोष्टी सांगत होते. अभ्यासाचा एक दिवस गेला याचं मला जराही वाईट वाटत नाही. तुम्हीही असे दिवस सोडू नका.

संस्कृतीचा भाग लोक शेवटच्या आठवड्यावर ढकलतात, तिथेच गुण जातात. ३ ऑक्टोबरला केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मंजूर केला. त्याच निर्णयात पाली, प्राकृत, आसामी आणि बंगाली या भाषाही होत्या आणि अभिजात भाषा अकरा झाल्या. पहिली तमिळ, २००४ मध्ये. डावीकडे मराठीच्या या दर्जाचा दावा मांडणारी रंगनाथ पठारे समिती, २०१२. तिथेच नाणेघाटातला शिलालेख आणि माहाराष्ट्री प्राकृतातली 'गाथासप्तशती' हे पुरावे लिहिले. आपल्याच भाषेवरचा प्रश्न चुकला तर फार लागतं, म्हणून हे पान मी तीनदा लिहिलं.

पुरस्कारांत पायरी बघा. मे महिन्यात कानमध्ये पायल कपाडिया यांच्या चित्रपटाला ग्राँ प्री मिळालं. ते तिथलं दुसऱ्या क्रमांकाचं पारितोषिक. सर्वोच्च पाम द'ऑर वेगळं.

एक चूक मात्र माझ्या हातून झालीच. १५ डिसेंबरच्या रात्री झाकीर हुसेन गेल्याची बातमी फिरायला लागली आणि मी लगेच पान लिहिलं. थोड्या वेळाने कुटुंबाकडून ते हयात असल्याचं आलं. मी पान खोडलं, मनात आशा धरली. सकाळी उठून पाहिलं तर बातमी खरी ठरली होती. माहीममध्ये जन्मलेला, त्याच वर्षी फेब्रुवारीत तीन ग्रॅमी घेतलेला हा माणूस सॅन फ्रान्सिस्कोत गेला. ते खोडलेलं पान वहीत तसंच आहे. तेव्हापासून कुठलीही बातमी दोन दिवस जुनी झाल्याशिवाय मी वहीत घेत नाही, आणि तारीख घटना जिथे घडली तिथली लिहिते.

साधनं फार लागत नाहीत. एक मराठी वर्तमानपत्र, पीआयबीची (केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाची) मराठी पत्रकं, राज्य शासनाचं 'लोकराज्य' मासिक, आणि आयोगाचे मागचे पेपर. वर्तमानपत्र सकाळी लोकलमध्ये वाचायचं, वही संध्याकाळी भरायची. क्लासचं मासिक घ्यायचं असेल तर जरूर घ्या, पण आपलं काही राहिलंय का ते तपासायला, महिनाअखेरीस.

वही सुरू कराल तेव्हा पहिली चार पानं कोरी ठेवा. अनुक्रमणिका तिथे येते, आणि ती डिसेंबर संपल्यावरच लिहिता येते. माझ्या अनुक्रमणिकेतली शेवटची नोंद २६ डिसेंबरची आहे, डॉ. मनमोहन सिंग यांच्या निधनाची. तिच्या डाव्या पानावर ते अर्थमंत्री असतानाच्या १९९१ च्या आर्थिक सुधारणांबद्दल लिहायला घेतलं आणि एक पान पुरलं नाही, म्हणून आणखी तीन पानं शिवून जोडली आहेत.