तेल-गॅस प्लांटच्या ऑपरेटरच्या इंटरव्ह्यूला जाताय? आधी पी अँड आयडी वाचायला शिका

गेल्या वेळी मी फाइलभर सर्टिफिकेटं घेऊन गेलो आणि पंधरा मिनिटांत बाहेर. समोरच्याने फाइल उघडलीसुद्धा नाही, टेबलावर पी अँड आयडीचं ड्रॉइंग, म्हणजे प्लांटमधले पाइप, वॉल्व्ह आणि मीटर दाखवणारा नकाशा, पसरलं, पेन्सिल दिली, म्हणाला सेपरेटरपासून (तेल, गॅस, पाणी वेगळं करणारी टाकी) ही लाइन कुठे जाते दाखव आणि इन्स्ट्रुमेंट एअर (वॉल्व्ह हलवणारी दाबाची हवा) गेली तर हा वॉल्व्ह काय करेल ते सांग. वॉल्व्हखाली बारीक अक्षरात एफसी लिहिलेलं, मी ठोकून दिलं फ्लो कंट्रोलर, म्हणजे प्रवाह सांभाळणारं उपकरण. अहो ते गोलात असलं तर फ्लो कंट्रोलर, वॉल्व्हखाली असलं तर फेल क्लोज, हवा गेली की बंद! झालं, संपला विषय.

डिग्री-डिप्लोमा, सेफ्टी शूज वगैरे सांगत बसत नाही. ऑफशोअरला, म्हणजे समुद्रातल्या प्लॅटफॉर्मवर, जायचं असेल तर बोसिएट हा सेफ्टीचा कोर्स लागतो, त्यात पाण्यात उलट्या झालेल्या हेलिकॉप्टरच्या सांगाड्यातून बाहेर पडावं लागतं, तेव्हा पाण्याची भीती आधीच घालवा. ४ वर्षं चालतं, त्याच्या आत फोएट, म्हणजे त्याची छोटी उजळणी, नाही केलं तर अख्खा कोर्स परत. तारीख बघा, आत्ता.

एचटूएसला (हायड्रोजन सल्फाइड, विषारी गॅस) सडक्या अंड्यांचा वास येतो हे सगळ्यांना पाठ असतं, पण १०० पीपीएमच्या (दहा लाख भागांत १०० भाग) आसपास नाकच बधिर होतं आणि वास गेला म्हणजे गॅस गेला समजून माणूस आत शिरतो. म्हणून डिटेक्टर अंगावर हवा, तोही बंप टेस्ट केलेला, म्हणजे थोडा गॅस देऊन वाजतो का ते बघितलेला. मिथेनचं एलईएल, म्हणजे हवेत किमान इतका असला तर पेट घेतो ते प्रमाण, ५ टक्के, मग मीटरवर १० टक्के एलईएल दिसलं तर हवेत मिथेन किती? अर्धा टक्का. हे असं उलटसुलट विचारतात, नुसते आकडे घोकून जाऊ नका.

परमिट (कामाची लेखी परवानगी), लोटो (मशीन बंद करून कुलूप आणि टॅग लावणं), शिफ्ट हँडओव्हर, यात हयगय नको. १९८८ साली उत्तर समुद्रातल्या पायपर अल्फा या तेल प्लॅटफॉर्मवर पंपाचा सेफ्टी वॉल्व्ह काढलेला आहे हे पुढच्या शिफ्टला कळलंच नाही, पंप चालू केला, गॅस गळून स्फोट झाला, १६७ माणसं गेली.

आता परत पी अँड आयडी, कंटाळू नका. आधी लेजंड शीट, म्हणजे चिन्हांचे अर्थ दिलेलं पान, ती न बघता ड्रॉइंगला हात लावायचा नाही. मग रोज एकच लाइन, रंगीत पेन्सिलीने, टोकापासून टोकापर्यंत, आणि प्रत्येक कंट्रोल वॉल्व्हपाशी थांबून स्वतःलाच विचारायचं, हवा गेली तर? हीटरचा फ्युएल गॅस बंद व्हायला हवा, कूलिंग वॉटर सहसा चालू राहायला हवं, का ते तोंडाने मोठ्याने बोलायचं, कारण तिथे बोलूनच दाखवायचं असतं. रिलीफ वॉल्व्हच्या (जास्तीचा दाब सोडणारा) आधीच्या वॉल्व्हवर एलओ दिसलं तर लॉक ओपन, म्हणजे उघडा ठेवून कुलूप लावलेला, त्याला कोणी हात लावायचा नाही. चेक वॉल्व्हची (एकाच दिशेने जाऊ देणारा) दिशा बघा. मी तीही उलटी सांगितली होती.

बाकी पटापट: मीटरचा सिग्नल ४ ते २० मिलिअँप असतो, त्यात १२ म्हणजे ५० टक्के. पंपातून खडे फिरल्यासारखा आवाज आला तर कॅव्हिटेशन, म्हणजे आत वाफेचे बुडबुडे होऊन फुटतायत, आधी सक्शन (पंपात येणारी बाजू) बघा. रंग ओळखायची टेस्ट असते. दाढी साफ, नाहीतर बीए सेटचा (पाठीवरच्या हवेच्या सिलिंडरचा) मास्क चेहऱ्याला घट्ट बसत नाही. झेरॉक्स, फोटो, तुमचं तुम्ही बघा.

आणि लेजंड शीट काढली का? नाही ना? आधी ती काढा.