व्हॅलिड-रेडी जोडताना या चुका टाळा

व्हॅलिड-रेडी म्हणजे चिपमधल्या दोन मॉड्यूलमधली देवाणघेवाण: पाठवणारा ‘डेटा तयार आहे’ म्हणून व्हॅलिड १ करतो, घेणारा ‘घेतो’ म्हणून रेडी १ करतो, आणि दोन्ही १ असले की हँडशेक होतो.

‘दोन्ही मॉड्यूल एकेकटी पास होतात, जोडली की सिस्टिम लटकते.’ ही तक्रार आली की मी कोड उघडत नाही, आधी टेस्टबेंच (मॉड्यूलची चाचणी घेणारी फाइल) उघडतो. बहुतेक वेळा तिथे रेडी कायमचा १ ला बांधलेला असतो. मग प्रोटोकॉल तपासला कुठे?

एका प्रोजेक्टमध्ये डीएमए (प्रोसेसरला न गुंतवता डेटा हलवणारा ब्लॉक; इथे मास्टर, म्हणजे व्यवहार सुरू करणारा) एका टीमचा होता आणि मेमरीकडचा स्लेव्ह (व्यवहाराला उत्तर देणारा) दुसऱ्या टीमचा. दोघांचंही सिम्युलेशन हिरवंगार. बोर्डावर पहिल्याच राइटला सगळं ठप्प. लॉजिक अॅनालायझर लावला तर एडब्ल्यू-व्हॅलिड १, एडब्ल्यू-रेडी ०, डब्ल्यू-व्हॅलिड ० (एडब्ल्यू हा राइटच्या पत्त्याचा चॅनेल, डब्ल्यू डेटाचा). डीएमएचं म्हणणं, पत्ता स्वीकारल्याशिवाय डेटा पाठवणार नाही. स्लेव्हचं म्हणणं, पत्ता आणि डेटा दोन्ही दिसल्याशिवाय रेडी देणार नाही. आता बसा एकमेकांकडे बघत. दोन्ही टीम भांडल्या, पण एएक्सआयमध्ये (दोघांनी वापरलेला बस-प्रोटोकॉल) याचा निकाल आधीच लागलेला आहे: रेडी देण्याआधी व्हॅलिडची वाट बघायची मुभा स्लेव्हला आहे, रेडी आल्यावरच व्हॅलिड देईन, असं मास्टरने म्हणायचं नाही. चूक डीएमएची होती.

हे असर्शनने (डिझाइनने पाळायचा नियम तपासणारी ओळ) का पकडलं नाही, तर लटकलेलं डिझाइन कुठलाच सेफ्टी नियम, म्हणजे ‘अमुक घडू नये’ असा नियम, मोडत नाही. ‘व्हॅलिड वर गेला की हँडशेक होईपर्यंत तो खाली येऊ नये, डेटा बदलू नये’ ही असर्शन हवीच, पण इथे ती आनंदाने पास होते. म्हणून मी आरटीएल (हार्डवेअरचा कोड) लिहिण्याआधी कागदावर प्रत्येक सिग्नलचा बाण काढतो: कोण कोणासाठी थांबतो. बाणांचं वर्तुळ झालं की तिथेच थांबायचं. त्यानंतर ‘विनंती आली की इतक्या क्लॉकच्या आत उत्तर’ अशी मर्यादा घालून फॉर्मल (गणिती सिद्धतेने होणारी तपासणी) चालवतो. आकडा डिझाइनप्रमाणे ठरतो. आकडाच नाही, हे चालत नाही. आणि सिम्युलेशनमध्ये प्रत्येक चॅनेलवर रँडम स्टॉल, म्हणजे व्हॅलिड-रेडी मध्येच रोखून धरणं. ‘वेळ नाही’ म्हणणाऱ्यांना नंतर लॅबमध्ये रात्री काढायला बरोबर वेळ मिळतो.

दुसरी आवडती चूक म्हणजे फॉर्मलमध्ये प्रूफ होत नाही म्हणून अझ्यूम (इनपुट कसे वागतील याची गृहीतकं) वाढवत जाणं. एकमेकांशी विसंगत दोन अझ्यूम लिहिले की काहीही सिद्ध होतं. नवशिके हिरवा टिक दाखवायला धावत येतात, मी कव्हरचा ट्रेस (हवी ती स्थिती खरंच घडते हे दाखवणारा सिग्नलचा आलेख) मागतो. एक तरी पूर्ण व्यवहार, मध्ये स्टॉल असलेला, दिसला पाहिजे. सिम्बीयोसिस हे फॉर्मलचं साधन फुकट मिळतं, त्यामुळे लायसन्सची सबब सांगू नका.

बाकीच्या थोडक्यात. रीसेटमध्ये व्हॅलिड ० ठेवा. व्हॅलिड रेडीवरून आणि रेडी व्हॅलिडवरून, दोन्ही कॉम्बिनेशनल (मध्ये रजिस्टर न ठेवता) काढलंत तर लूप होईल. रेडी रजिस्टर केलात तर स्किड बफर (रेडी उशिरा खाली येईपर्यंत आलेला जादा शब्द धरून ठेवणारी जागा) लागतोच. नाहीतर डेटाचा शब्द गळतो किंवा वेग निम्म्यावर येतो. आणि डेटा दुसऱ्या क्लॉक डोमेनमध्ये (वेगळ्या क्लॉकवर चालणाऱ्या भागात) नेताना अख्ख्या बसच्या प्रत्येक बिटावर दोन-दोन फ्लॉप (एक बिट धरणारी रजिस्टरं) ठोकू नका. तिथे असिंक्रोनस फिफो (एका क्लॉकवर भरायची, दुसऱ्यावर काढायची डेटाची रांग) वापरा.