क्रोम अपडेट झालं तरी आवृत्ती जुनीच? माझा अनुभव

आर्णी तालुक्यातलं सेवा केंद्र, विंडोज १० चा संगणक, पाळीपाळीनं बसणारे दोघं, दोघांची खाती वेगळी. अपडेट उतरायचं, ‘रीलाँच’ही दाबलं जायचं, पण ‘अबाउट क्रोम’मधला आकडा काही हलेना. कॅश साफ केली, हॉटस्पॉट बदलला. डोकं पिकलं नुसतं.

कारण असं: नवी फाइल ‘न्यू_क्रोम’ नावानं जुनीच्या शेजारी येऊन थांबते. संगणकावर कुठल्याही खात्यात क्रोम चालू असेल, तर अदलाबदल होत नाही. ‘स्विच यूजर’ केलं की पहिल्याचं क्रोम मागे चालूच राहतं.

आधी क्रोमच्या सेटिंग्जमध्ये ‘सिस्टम’ उघडून बॅकग्राउंड अ‍ॅप्सचं बटण बंद करा, दोन्ही खात्यांत. मग क्रोम बंद. अ‍ॅडमिन खात्यातून टास्क मॅनेजर, ‘यूजर्स’ टॅब, दुसऱ्या खात्यावर राइट क्लिक, ‘साइन ऑफ’. (त्याचा अर्धवट भरलेला पीक विम्याचा फॉर्म आधी पूर्ण होऊ द्या!) ‘डिटेल्स’मध्ये एकही क्रोम उरलं नाही हे पाहून क्रोम उघडा, आकडा तपासा.

रीस्टार्टनेही जमतं, पण पुढच्या अपडेटला तेच रडगाणं. पाळी बदलताना ‘साइन आउट’च करा. अपडेट अडकू देऊ नका: क्रोम ज्यावर बनलंय त्या क्रोमियमचा कोड खुला असल्यानं दुरुस्ती आली की सुरक्षेतलं भोक कुठे होतं ते चोरालाही कळतं.