निवृत्तीचा पैसा कोणाकोणाच्या हाती ठेवावा?

३१ मार्च २०२१ च्या संध्याकाळी केंद्र सरकारने अल्पबचत योजनांचे व्याजदर उतरवल्याचा आदेश काढला. पीपीएफचा (सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीचा) दर ७.१ वरून ६.४ टक्क्यांवर आणि ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचा ७.४ वरून ६.५ टक्क्यांवर येणार होता. पश्चिम बंगालमध्ये मतदानाचे टप्पे चालू होते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच नजरचुकीने निघालेला आदेश म्हणून तो मागे घेतला गेला. त्या रात्री ज्यांचे पैसे ज्येष्ठ नागरिक योजनेत आधीच जमा होते त्यांना काळजीचे काही कारण नव्हते, कारण या योजनेत पैसे भरले त्या दिवशीचा दर पाच वर्षे कायम राहतो. पीपीएफचे तसे नाही. त्यात दर बदलला की नव्या-जुन्या साऱ्या शिलकेला बदललेलाच दर लागू होतो.

दोन्ही योजना सरकारी, दोन्ही सुरक्षित. तरीही एकीत दराचा निर्णय आपल्यापुरता झालेला असतो आणि दुसरीत तो दर तिमाहीला होऊ शकतो. निवृत्तीचे नियोजन करताना प्रत्येक रकमेसमोर ‘किती परतावा’ याच्याही आधी ‘हा परतावा कोण बदलू शकतो’ हे लिहावे, असे माझे मत त्यामुळेच झाले आहे. उद्या कोणाचे सरकार येईल, रुपया कुठे जाईल, युद्ध पेटेल की नाही, हे आपल्याला कळणार नाही. मात्र एका सहीने, एका बँकेच्या घोटाळ्याने किंवा बाजाराच्या एका दिवसाने घरखर्च अडणार नाही, अशी मांडणी आपल्याला करता येते.

सुरुवात खर्चाच्या वहीपासून करावी. दूध, किराणा, औषधे, वीज, सोसायटीचा मेंटेनन्स हे सर्वांना आठवते. घरपट्टी, विम्याचा हप्ता, गणपती-दिवाळी, लग्नकार्यातले आहेर आणि दर काही वर्षांनी बदलावा लागणारा फ्रिज मात्र महिन्याच्या हिशेबात येत नाहीत. म्हणून पूर्ण वर्षाचा खर्च काढून त्याला बाराने भागावे. मग महागाई धरावी. ती ६ टक्के मानली तर खर्च साधारण बारा वर्षांत दुप्पट होतो, म्हणजे साठाव्या वर्षी ५० हजारांत चालणाऱ्या घराला बहात्तराव्या वर्षी लाखभर रुपये लागतील.

आता हमखास येणारी रक्कम मांडावी आणि तिथे आकडा मुद्दाम कमीच धरावा. खासगी नोकरीतल्या अनेकांचा ईपीएसच्या, म्हणजे भविष्य निर्वाह निधीबरोबरच्या कर्मचारी पेन्शन योजनेच्या, पेन्शनबद्दल मोठा गैरसमज असतो. १५ हजार रुपयांच्या वेतनमर्यादेवर ३५ वर्षे सेवा झाली तरी सूत्रानुसार महिन्याला साडेसात हजारच हाती येतात. राज्य सरकारी नोकरीत १ नोव्हेंबर २००५ पासून रुजू झालेल्यांची जुनी पेन्शन गेली, मार्च २०२३ मध्ये त्यासाठी संप झाला, आणि नियमांवरची चर्चा पुढेही चालू राहिली. जे मिळावे अशी मागणी आहे ते नव्हे, तर आजच्या नियमाने जे मिळते तेच हिशेबात धरावे. परदेशातला मुलगा पाठवील ते पैसे तर धरूच नयेत. त्याचा व्हिसाही कोणाच्या तरी सहीवरच असतो.

समजा, खर्च ५० हजार आणि हमखास उत्पन्न २० हजार आहे. तूट महिन्याला ३० हजारांची, वर्षाला ३ लाख ६० हजारांची झाली. पाच वर्षांच्या तुटीचे १८ लाख रुपये बाजारापासून पूर्ण दूर ठेवावेत, हा माझा आग्रह आहे. महागाईसाठी त्यात थोडी भर घातली तर अधिक चांगले. ज्येष्ठ नागरिक योजनेची मर्यादा एप्रिल २०२३ पासून ३० लाख रुपये आहे आणि ८.२ टक्के दराने पूर्ण रकमेवर दर तिमाहीला ६१,५०० रुपये व्याज मिळते. हे व्याज करपात्र असते, हे विसरू नये. सगळी रक्कम एकाच वर्षी भरण्याऐवजी दोन-तीन वर्षांत विभागून भरल्यास साऱ्या ठेवींची मुदत एकाच, कदाचित पडत्या दराच्या, काळात संपत नाही. बँकेतल्या मुदत ठेवींनाही हेच लागू आहे.

बँकांबाबत महाराष्ट्रातल्या ठेवीदाराने अधिक सावध असावे. सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी (पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह) बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला खात्यातून केवळ एक हजार रुपये काढता येत होते. ठेव विमा आज प्रत्येक बँकेत प्रत्येक ठेवीदारामागे ५ लाखांचा आहे. त्यात मुद्दल आणि व्याज दोन्ही आले आणि त्या बँकेच्या सर्व शाखा मिळून ही मर्यादा आहे. पतसंस्थांना हे संरक्षण मुळीच नाही. कोपऱ्यावरच्या पतसंस्थेचा संचालक रोज देवळात भेटतो आणि व्याज एक टक्का जास्त देतो, हे तिथे पैसे ठेवण्याचे कारण होऊ शकत नाही.

पाच वर्षांची सोय झाल्यावर उरलेल्यातला काही भाग साध्या इंडेक्स फंडांत, म्हणजे सेन्सेक्ससारख्या शेअर निर्देशांकातल्याच कंपन्यांत पैसे गुंतवणाऱ्या म्युच्युअल फंडांत, राहू द्यावा, कारण महागाईला तोंड द्यायला निव्वळ ठेवी पुरत नाहीत. निवडणुकीच्या दिवसांत त्याला हात लावू नये. ४ जून २०२४ रोजी लोकसभेचे निकाल लागत असताना सेन्सेक्स एका दिवसात जवळजवळ ६ टक्के पडला, आणि ७ जूनला तो पडण्याआधीच्या पातळीच्याही वर बंद झाला. मधल्या तीन दिवसांत घाबरून विकणाऱ्याचे नुकसान सरकारने केले नाही, बाजारानेही नाही. मात्र २००८ च्या जानेवारीत २१ हजारांजवळ असलेला तोच निर्देशांक मार्च २००९ मध्ये ८ हजारांच्या आसपास होता. असे दिवस काढता यावेत म्हणूनच ते १८ लाख वेगळे ठेवायचे.

आरोग्य विमा नोकरी चालू असतानाच स्वतःच्या नावाने घ्यावा, कारण कंपनीचा गटविमा बहुधा निवृत्तीबरोबर संपतो. सोने घरात असतेच. नव्याने घ्यायचे झाल्यास थोडेच घ्यावे.

शेवटचे काम पैशांचे नाही, कागदांचे आहे. बँक खाती ‘दोघांपैकी कोणीही एक किंवा हयात व्यक्ती’ या पद्धतीची करावीत, प्रत्येक ठिकाणी नॉमिनीची नोंद तपासावी आणि एका वहीत खाते, रक्कम, मुदत संपण्याची तारीख, शाखा एवढे लिहून ठेवावे. घरातला पैशांचा व्यवहार ज्याने आजवर पाहिला नाही, पती असो वा पत्नी, त्याने पुढच्या एप्रिलमध्ये ती वही घेऊन पोस्टात एकट्याने जावे आणि व्याजाची नोंद करून आणावी. जिथे अडेल तिथे वहीत काय लिहायचे राहिले ते कळेल.