स्लॅबच्या आदल्या दिवशी वर काय काय बघून घ्यायचं

भाऊ हो, ज्यांचा तिसरा-चौथा स्लॅब टाकायला आलाय त्यांनी आदल्या दिवशी संध्याकाळी स्वतः वर एक चक्कर मारा, मुकादमावर सोडू नका. सगळ्यात आधी डक्ट (पाइपांसाठी मजल्यात सोडलेली मोकळी जागा) आणि लिफ्टचा खड्डा. त्यावर प्लाय नुसता ठेवलेला नको, खिळे मारून पक्का करा आणि लाल रंगाने मोठी फुली मारा, कारण काय होतं, कोणीतरी तो प्लाय सेंट्रिंगला, म्हणजे स्लॅबच्या साच्याला, लागतो म्हणून दोन्ही हातांनी उचलतो, समोरचं काही दिसत नाही, एक पाऊल पुढे टाकतो आणि सरळ खाली. आमच्या साइटवर एक पोरगा असाच गेला, दुसऱ्या मजल्यावरून, जगला पण कमरेखालून अधू झाला, तेव्हापासून मी फुली मारल्याशिवाय काम चालूच करू देत नाही.

मग परांची. फळ्या दोन्ही टोकांना बांधल्यात का, चिरलेली कुठे आहे का, कडेला छातीच्या खाली एक आणि गुडघ्याजवळ एक असे आडवे पाइप आहेत का. शिडी 4 फूट वर तर तिचा पाय भिंतीपासून 1 फूट बाहेर, आणि वरच्या मजल्याच्या 3 फूट वर निघालेली.

सेफ्टी बेल्ट पूर्ण अंगाचाच घ्या, नुसता कमरेचा नको, त्याने झटक्यात पाठ मोडते. हूक परांचीच्या पाइपला नाही, डोक्याच्या वर पक्क्या जागी. आणि हे बऱ्याच जणांना माहीत नसतं, दोरी 2 मीटरची, शॉक अ‍ॅब्सॉर्बर (झटका सोसणारी दोरीची घडी) उघडला की अजून दीड-पावणेदोन, वर माणसाची उंची आणि थोडी शिल्लक जागा, म्हणजे खाली साधारण 6 मीटर मोकळं नसेल तर बेल्ट लावूनही माणूस आदळतो. पहिल्या स्लॅबला म्हणून कठडा आणि जाळीच.

आपल्याकडे मे महिन्यात 44-45 पारा, पाइप हाताला चटके देतो, चक्कर येते, तर पाण्याचा माठ वरच ठेवा अन् कडेचं काम सकाळी उरका. वावटळ उठली की सगळे खाली. सातपुड्यातून आलेल्या पावरा आदिवासी मजुरांना त्यांच्याच बोलीत समजावणारा एक जण हवाच, मराठीत मान डोलावतात पण कळलेलं नसतं.

बेल्टला लटकलेला माणूस काही मिनिटांत बेशुद्ध पडू शकतो, म्हणून त्याला उतरवायला शिडी कुठून आणायची, कोण चढणार हे आधीच ठरवा. 108 चा नंबर भिंतीवर लिहा, आणि गेटपासूनची वाट मोकळी ठेवा, तिथे खडी टाकू देऊ नका.