कागदांचा पसारा आवरताना या चुका टाळा

पहिली चूक दहाव्या मिनिटालाच होते: आपण वाचत बसतो. ड्रॉवरमधून जुनं पत्र निघतं, मग शाळेचं प्रगतिपुस्तक, आणि तासाभराने जमिनीवर आधीपेक्षा दुप्पट पसारा. पत्रं, फोटो, असलं सगळं न उघडता एका खोक्यात टाका आणि खोकं खोलीबाहेर ठेवा. ते अगदी शेवटी.

'लागेल कधीतरी' हा निकषही सोडा, त्यातून एक चिटोरंसुद्धा सुटत नाही. त्यापेक्षा विचारा: हरवला तर हा कागद पुन्हा मिळेल का, आणि किती खेटे घालून? जन्मदाखला, घराची मूळ कागदपत्रं, मृत्युपत्र यांना हात लावायचा नाही. केव्हाच मोडीत गेलेल्या मिक्सरचं माहितीपत्रक मात्र कशाला? करासंबंधीचे कागद किती वर्षं ठेवायचे याचा नियम असतो. तो बघूनच काय ते ठरवा.

सगळ्यात फसवी ती दुकानातली गुळगुळीत पावती. फ्रिजची पावती मी प्लॅस्टिकच्या पाकिटात जपून ठेवली होती. फ्रिज बिघडला तेव्हा पाकिटातून कोरा कागद निघाला! या पावत्यांवर शाई नसतेच. कागदावरच्या रासायनिक थराला उष्णता लागली की अक्षरं उमटतात. ऊन, उकाडा आणि काही प्लॅस्टिकमधली रसायनं ती पुसूनही टाकतात. ओळखायचं कसं? नखाने जोरात घासा, काळी रेघ उठली तर ती तसलीच. अशी पावती घरी आल्या दिवशीच स्कॅन करा. लॅमिनेट तर मुळीच करू नका, त्या उष्णतेने ती काळी पडते. यातल्या बऱ्याच पावत्यांच्या थरात बिस्फेनॉल हे अपायकारक रसायन असतं, म्हणून त्या कागदाच्या रद्दीतही नकोत.

गठ्ठ्यांना रबरबँड नको. काही वर्षांनी ते विरघळल्यासारखं चिकट होऊन कागदालाच धरतं. दमट जागी पिना गंजतात, वर कसर लागते ती वेगळीच.

खाते क्रमांक किंवा सही असलेला कागद दोन तुकडे करून टाकणं म्हणजे नुसतं समाधान. ते तुकडे कुणीही जुळवेल. श्रेडर नसेल तर बारीक फाडा, रात्रभर पाण्यात भिजवा, लगदा करा.

आणि फाडण्याआधी स्कॅन उघडून बघा. माझ्या एका हमीपत्राच्या फोटोत तारखेवर माझाच अंगठा होता, तोही अगदी स्पष्ट.