विषय सुचत नाहीये? ग्रंथपालांची वेळ घ्या

ऑगस्टमध्ये अमेरिकेत एम.ए.ला आलेल्या मुलांचे फोन सप्टेंबरअखेर हमखास येतात. "ताई, टर्म पेपरला विषयच सुचत नाहीये." टर्म पेपर म्हणजे सत्राअखेर द्यायचा संशोधनपर निबंध. तोवर घर, बँक, सिमकार्ड सगळं मार्गी लागलेलं असतं. लायब्ररीत जाणं होतं ते मात्र फुकट वायफायसाठी.

आपल्या कॉलेजात ग्रंथपाल म्हटलं की कार्ड, शिक्का आणि "लवकर आटपा". इथल्या मोठ्या विद्यापीठांत विषयवार ग्रंथपाल असतात, बऱ्याच ठिकाणी दक्षिण आशियासाठी वेगळे. ईमेल करून वेळ घ्या. विषय अर्धाकच्चा असला तरी बिनधास्त जा, कच्च्यालाच तर मदत लागते.

मी गेले ती "मुंबईचा गिरणी संप" एवढं घेऊन. समोरच्या बाईंनी विचारलं, "संपातलं काय?" मी गप्प. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, माझी गाडी तिथेच थांबली. त्यांनी कॅटलॉगमधली एक नोंद उघडून खालचे विषयशीर्षक दाखवले: कापड कामगार, भारत, मुंबई. त्यावर क्लिक केलं की त्याच विषयाची पुस्तकं ओळीने येतात. तासाभराने माझ्याकडे प्रश्न होता: संपात कोकणात परतलेल्यांच्या घरचा खर्च कोणी चालवला?

आता मराठी पुस्तक शोधायची मेख. नुसत्या देवनागरीवर विसंबू नका, जुन्या नोंदी बहुतेक रोमन लिपीतच आहेत, आणि तेही आपण व्हॉट्सॲपवर लिहितो तसं नाही. प्रत्येक अक्षरातला 'अ' लिहायचा. 'कामगार' म्हणजे के-ए-एम-ए-जी-ए-आर-ए. 'शेतकरी'तल्या 'श'ला नुसता एस, एच नाही. हे कळेपर्यंत माझे दोन आठवडे "शून्य निकाल" बघण्यात गेले.

ही पुस्तकं इथे आली कशी, तर पीएल-४८० या अमेरिकी कायद्याखाली आलेल्या गव्हातून! आजीच्या तोंडून ऐकलेला तोच तो रेशनचा गहू. त्याचे पैसे भारताने रुपयांत दिले, आणि त्याच रुपयांतून १९६२ पासून लायब्ररी ऑफ काँग्रेसचं दिल्ली कार्यालय भारतीय भाषांतली पुस्तकं घेऊन अमेरिकी विद्यापीठांना पाठवू लागलं.

पुस्तक तुमच्या लायब्ररीत नसेल तर इंटरलायब्ररी लोन, म्हणजे दुसऱ्या लायब्ररीतून मागवणं. विद्यार्थ्यांना सहसा फुकट असतं. लेखाचं स्कॅन दोन-चार दिवसांत येतं, पुस्तकाला आठवडा-दोन आठवडे धरा, म्हणजे पेपरच्या आदल्या रात्री मागवू नका. भारतातले पीएचडी प्रबंध शोधगंगा या वेबसाइटवर घरबसल्या वाचता येतात. त्यांची संदर्भसूची आधी बघा, प्रबंध मागाहून.

मी मागवलेलं पहिलं मराठी पुस्तक दुसऱ्या राज्यातून आलं. मागे तारखांची चिठ्ठी चिकटवलेली होती. तिच्यावर एकही शिक्का नव्हता.